सोमवारी त्याला कोण बघणार? तुंगार्लीच्या घरी निवाऱ्यातला कुत्रा आणताना

लोणावळ्याच्या तुंगार्लीत दोन प्रकारची घरं आहेत. काहींत वर्षभर गॅस पेटतो. काहींचं कुलूप शुक्रवारी रात्री निघतं आणि रविवारी संध्याकाळी परत लागतं. कुत्रा पाळायची हौस मात्र दोन्हीकडे सारखीच. मागे डोंगर, पुढे अंगण, धरणाकडे चढत जाणारा रस्ता आणि थंड हवा. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जमलं नाही ते इथे जमेल, असं कुणालाही वाटेल. त्यातून पैसे मोजून पिल्लू विकत आणण्यापेक्षा निवाऱ्यातलं एखादं जनावर घरी आणावं असं मनात आलं असेल, तर फारच उत्तम.

पण गाडी काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एक प्रश्न विचारा. सोमवारी सकाळी त्याला कोण बघणार? आणि त्याला जोडूनच दुसरा. जुलै महिन्यात कोण बघणार? डिसेंबरातल्या शनिवारी कुत्रा सांभाळणं कुणालाही जमतं. ऊन कोवळं असतं, घरात माणसं असतात, फिरायला न्यायला पोरांची चढाओढ लागलेली असते. जुलैतल्या सोमवारी यातलं काहीच नसतं. चार दिवस पाऊस थांबलेला नसतो, वीज गेलेली असते आणि भिजलेल्या कुत्र्याला सकाळी सहा वाजता बाहेर जायचं असतं. दत्तक घ्यायचा निर्णय या सोमवारावर बेतून घ्यावा. तो दिवस निभावता येणार असेल, तर बाकीचे आपोआप निभावतात.

आधी घराचा हिशेब

बारमाही राहणाऱ्यांनी घरातल्या प्रत्येकाचा होकार घ्यावा, विशेषतः जो दुपारी घरात असतो त्याचा. कुत्र्याचं आयुष्य साधारण १२ ते १५ वर्षांचं. आज सातवीत असलेला मुलगा त्याच्यासाठी हट्ट धरतो, पण कुत्रा ऐन उमेदीत असताना तोच मुलगा शिकायला पुण्याला किंवा त्याहून लांब गेलेला असेल. मग भार आई-वडिलांवर, नाहीतर आजी-आजोबांवर. मुलांच्या हौसेला मोठ्यांची कबुली असेल तरच पुढे जा. घरातल्या ज्येष्ठांना रोज फिरवणं झेपणार असेल, तर वयाने मोठा, शांत कुत्रा निवडा. दांडगा तरुण कुत्रा पट्टा ओढतो आणि ओल्या उतारावर माणूस पडतो.

बंगला शनिवार-रविवारपुरता असेल, तर आठवड्याचे पाच दिवस कुत्र्याचा खरा माणूस तुम्ही नसता. तो असतो बंगल्याचा रखवालदार किंवा माळी. त्यामुळे पहिली चर्चा त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी व्हायला हवी. त्यांना कुत्र्यांची भीती नाही ना? घरात लहान मूल आहे का? खाण्याचे आणि डॉक्टरचे पैसे वेगळे मिळणार का, कसे? ते गावी गेले की बदली कोण? नोकरी सोडली तर पुढे काय? ‘साहेबांनी कुत्रा आणून ठेवला’ अशा भावनेने सांभाळलेल्या जनावराचे हाल होतात, आणि दोष त्या माणसालाही देता येत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

बंगला पर्यटकांना भाड्याने देत असाल, तर तिथे कुत्रा ठेवू नका. दर शनिवारी नवी माणसं, नवं संगीत, रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा. अशा ठिकाणी कुत्रा एकतर साखळीला बांधला जातो नाहीतर कुणाला तरी चावतो. शनिवार-रविवारवाल्यांसाठी प्रामाणिक पर्याय दोन. कुत्रा मुंबई-पुण्याच्या राहत्या घरी पाळायचा आणि इथे येताना सोबत आणायचा. नाहीतर दत्तक न घेता एखाद्या संस्थेतल्या जनावराचा महिन्याचा खर्च उचलायचा. दुसऱ्या पर्यायात कमीपणा काहीच नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटी असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना माहीत असू द्या. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. त्याच सूचनांनी पट्टा, साफसफाई आणि शेजाऱ्यांच्या त्रासाची जाण यांचा भार मालकावर टाकला आहे. हा दुसरा भाग पाळला, की पहिल्यासाठी भांडायची वेळ सहसा येत नाही.

शेवटी कुंपण बघा. जाळीतल्या फटी, फाटकाखालची जागा, मागच्या ओढ्याकडची पडकी भिंत. जिथून बाहेरचं मांजर आत येतं, तिथून तुमचं पिल्लू बाहेर जाणार.

निवारा कुठला, जनावर कुठलं

बेवारस जनावरांना आसरा द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिची एक मोठी खूण मुंबईत आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईतले मोकाट कुत्रे मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, शहराचे व्यवहार बंद पडले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ही तिचीच शाखा, आणि ते आजही चालू आहे.

तुंगार्लीकरांना पुण्याकडे बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही २००७ पासून काम करणारी संस्था सोयीची पडते. मुंढव्याला ब्लू क्रॉस सोसायटी आहे. मुंबईकडे परळचं रुग्णालय आणि ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था. मात्र पहिली चौकशी गावातच करावी. लोणावळा, कामशेत, तळेगावचे पशुवैद्य, मेडिकलवाले आणि रोज पहाटे गल्ल्यांतून फिरणारे दूधवाले यांना कुठे पिल्लं उघड्यावर पडली आहेत, कुणाकडे जखमी जनावर बरं होऊन घराची वाट बघतंय, हे ठाऊक असतं.

निवाऱ्यात दिसणारं प्रत्येक कुत्रं दत्तक द्यायचं नसतं. बरीच कुत्री नसबंदीसाठी आणलेली असतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाली, की त्यांना उचललं त्याच भागात परत सोडायचं असतं. कानाच्या टोकाला इंग्रजी व्हीच्या आकाराची छोटी खाच दिसली, तर ते कुत्रं नसबंदी झालेलं आहे असं समजा. दत्तकासाठी असतात ती अपघातातून वाचलेली किंवा मालकांनी आणून टाकलेली कुत्री आणि आईविना राहिलेली पिल्लं.

तुमच्या फाटकाशी रोज येऊन बसणारा, अर्धा तुमचाच झालेला गल्लीतला कुत्रा असेल, तर लांब जायची गरजही नाही. त्याला हा परिसर, इथला पाऊस, इथली माणसं ठाऊक आहेत. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, त्यातही प्राणिप्रेमींना स्थानिक स्वराज्य संस्थेकडे अर्ज करून असे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आहे. अट एकच, आणि ती रास्त आहे. एकदा घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर येता कामा नये.

दोन बाबतींत सावध राहा. ‘लॅब्राडोर मोफत द्यायचा आहे’ असा निरोप मोबाइलवर येतो आणि मग प्राणी न दाखवताच गाडीभाड्याचे, लसीचे पैसे आधी मागितले जातात. ही फसवणूक असते. जनावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नका. दुसरं म्हणजे पोपट, कासव, मुनिया असे रानातले जीव ‘दत्तक’ म्हणून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते घरात ठेवणं गुन्हा आहे. तुंगार्लीच्या बाजूला असं जखमी जनावर सापडलं, तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पिल्लू की मोठा?

पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं. तरीही तुंगार्लीतल्या बहुतेक घरांना दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्राच जास्त मानवतो.

दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं आणि रात्री दोनदा तरी बाहेर न्यावं लागतं. त्याच्या लशींचा क्रम चार महिन्यांचं होईपर्यंत चालू असतो. तोवर त्याला बाहेरच्या जमिनीवर मोकळं सोडता येत नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. शेजारच्या अंगणात आधी एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल, तर तुमच्या पिल्लालाही धोका राहतो. म्हणून पिल्लूच हवं असेल, तर निदान पावसाळ्याच्या तोंडावर आणू नका. दिवाळीनंतर आणलं, तर जूनपर्यंत लशी, नसबंदी आणि बाहेरच्या सवयी, सगळं मार्गी लागतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देऊ केलं, तर घेऊ नका. त्याला आईची आणि भावंडांची गरज असते. चावा किती जोरात घ्यायचा, हे ते त्यांच्यातच शिकतं.

मोठ्या कुत्र्यात लपवाछपवी नसते. तो किती वाढणार हे दिसतंच. मुलांशी कसा वागतो, मांजराच्या मागे लागतो का, एकटा राहिला की रडतो का, हे निवाऱ्यातली माणसं सांगू शकतात. नसबंदी आणि लशी बहुधा झालेल्या असतात. तीन पायांचा कुत्रा बघून लोक हळहळतात आणि पुढे जातात. प्रत्यक्षात असे कुत्रे तीन पायांवर व्यवस्थित धावतात. त्यांना जिने आणि निसरडी फरशी तेवढी टाळावी.

जातिवंत हवा असेल तर थांबून विचार करा. हस्की किंवा सेंट बर्नार्ड लोणावळ्याच्या थंडीत शोभून दिसतो, पण इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दाट, दुहेरी केसांचा कुत्रा या दिवसांत सुकतच नाही. ओल आत राहते आणि कातडी सडायला लागते. आपल्या गावठी कुत्र्याचे आखूड केस अर्ध्या तासात सुकतात. मावळातल्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं हे जनावर इथल्या हवेला तयार होऊनच येतं.

माणसांचा राबता कमी असेल, दिवसभर घर बंद राहत असेल, तर मांजराचा विचार करा. शक्यतो दोन एकत्र वाढलेली मांजरं आणा. ती एकमेकांना धरून राहतात आणि तुमच्या वेळापत्रकावर फारशी अवलंबून नसतात. मांजरं घरातच ठेवावीत. इथल्या रात्रीत बाहेर सुटलेलं मांजर किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

निवाऱ्यात गेल्यावर काय बघायचं

एका भेटीत ठरवू नका. निदान दोनदा जा, त्यातली एक भेट आठवड्याच्या मधल्या दिवशी. खाण्याच्या वेळी गेलात, तर सगळीच कुत्री अंगावर झेपावतात. त्यांचा खरा स्वभाव दुपारच्या निवांत वेळी कळतो.

पिंजऱ्याच्या दाराशी उड्या मारणाऱ्याकडे लक्ष आधी जातं. मागच्या कोपऱ्यात बसलेल्याकडेही बघा. निवाऱ्यातल्या माणसाला सांगून त्याला मोकळ्या जागेत आणवा. त्याच्यासमोर उभे राहू नका. जरा बाजूला तोंड करून जमिनीवर बसा, हाताचा तळवा खाली ठेवा आणि थांबा. पाच-सात मिनिटांत तो वास घ्यायला येतो. हात हुंगून बाजूलाच बसला, शेपटी सैल राहिली, तर भीती ओसरते आहे. अंग ताठ करून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत राहिला, तर त्याला वेळ आणि अनुभवी माणूस लागणार आहे. घरात लहान मूल असेल, तर असा कुत्रा पहिल्यांदाच पाळणाऱ्याने घेऊ नये.

निवाऱ्यातल्या माणसांना हे नक्की विचारा:

- तो इथे कसा आला, कधीपासून आहे? आधी कुणाच्या घरी होता का?
- कोणत्या लशी कधी दिल्या? कार्डावर डॉक्टरांची सही आणि शिक्का आहे का?
- नसबंदी झाली आहे का? नसेल, तर कधी, आणि खर्च कुणाचा?
- गोचीड-तापाची तपासणी केली आहे का? कोणती औषधं चालू आहेत?
- खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? मांजरं, कोंबड्या, गाई पाहिल्या की काय करतो?
- जमलं नाही, तर परत घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर समजा की संस्था चांगली आहे.

तेही तुम्हाला प्रश्न विचारतील. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घरमालकाची संमती मागतील, घर बघायला येतील, नसबंदीचं हमीपत्र लिहून घेतील, नंतर फोटो मागवतील. काहींना हा अपमान वाटतो. ‘आम्ही उपकार करतोय आणि वर चौकशी?’ पण त्या जनावराला एकदा कुणीतरी टाकलेलं असतं, त्यामुळे एवढी विचारपूस योग्यच आहे. ‘कुत्रा राखणीला बांधणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. बांधणार असाल, तर तिथेच तसं सांगा. बहुतेक संस्था नकार देतील, आणि तो नकार योग्य असेल.

आणण्याचा दिवस आणि पहिले तीन महिने

कुत्रा शनिवारी आणू नका. द्रुतगती मार्गावर आणि घाटात त्या दिवशी गाड्या तासन्‌तास अडकतात, आणि गाडीची सवय नसलेलं जनावर ओकाऱ्या काढत राहतं. मंगळवार-बुधवार बरा. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. मागच्या सीटवर जुनी चादर आणि शेजारी एक माणूस. छातीचा पट्टा आणि गळपट्टा दोन्ही घाला, आणि गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला लावा. घाबरलेला कुत्रा पळून जातो तो बहुतेकदा पहिल्याच दिवशी, गाडीचं दार उघडताना. म्हणून फाटक बंद झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

घरी आल्यावर ओवाळणं, शेजाऱ्यांना बोलावणं, फोटोसेशन हे सगळं पुढच्या आठवड्यावर ढकला. एक कोपरा, एक अंथरूण आणि पाण्याचं भांडं एवढंच त्याला हवं असतं. प्राणी सांभाळणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस तो घाबरलेला असतो, कदाचित जेवणारही नाही. तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात आणि खरा स्वभाव दिसायला लागतो, खोड्यांसकट. तीन महिन्यांनी तो घरचा होतो. पहिल्या आठवड्यात ‘हा तर फारच शहाणा आहे’ म्हणणारे आणि चौथ्या आठवड्यात ‘आता बिघडला’ म्हणणारे, दोघेही घाई करत असतात.

निवाऱ्यात जे खात होता तेच आठवडाभर चालू ठेवा, मग हळूहळू बदला. एकदम बदललं, तर जुलाब ठरलेले. दर वेळी एकाच दाराने, एकाच जागी बाहेर न्या. तिथे शू केली की लगेच शाबासकी द्या. घरात केली तर ओरडू नका आणि नाक घासू नका. त्याने तो एवढंच शिकतो, की माणसासमोर शू करायची नसते. मुलांना तीन नियम आधीच सांगा. तो जेवताना हात लावायचा नाही, झोपला असताना मिठी मारायची नाही आणि तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही.

पावसाळा: तुंगार्लीची खरी परीक्षा

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत फिरवण्यापेक्षा सुकवण्यात जास्त वेळ जातो. दाराशी दोन-तीन जुने सुती पंचे टांगून ठेवा. आत आल्यावर आधी पाठ, मग पोट, शेवटी पाय. पायाची बोटं एकेक वेगळी करून मधली कातडी टिपा, कारण बुरशी तिथेच धरते. कानाच्या पाळीच्या आतली बाजूही टिपा. पंजा सारखा चाटत असेल, बोटांमध्ये लालसर-तपकिरी झालं असेल, अंगाला आंबूस वास येत असेल, तर डॉक्टरकडे जा. उरलेलं माणसांचं मलम लावू नका, तो ते चाटून पोटात घेतो. अंथरूण फरशीवर नको. लाकडी फळीवर किंवा जुन्या बाजेवर ठेवा, म्हणजे ओल चढत नाही.

डबकी आणि तुंबलेली गटारं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं घर. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा रोग माणसालाही होतो. कुत्र्याला साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, आणि वार्षिक लशीत लेप्टोचा भाग आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. गोचिडांमुळे येणारा ताप पावसाच्या आगेमागे बळावतो. सुस्ती, खाणं सोडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. शेतातलं कीटकनाशक पातळ करून अंगाला लावायची चाल काही ठिकाणी आहे. ती जिवावर बेतते. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजरांना विषासारखं आहे. तसंच पॅरासिटामॉलचंही. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

पावसात साप उंच, कोरड्या जागी येतात. रात्री बाहेर नेताना बॅटरी हवीच. कुत्र्याला साप चावल्याचा संशय आला, तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. त्याला हलू न देता उचलून थेट दवाखान्यात न्या. आपल्या पशुवैद्याकडे प्रतिविष असतं का, नसेल तर जवळ कुठे मिळतं, हे पावसाच्या आधीच विचारून ठेवा.

रात्र, रस्ता आणि पाहुणे

तुंगार्लीच्या मागून राजमाचीकडे जाणारा सगळा पट्टा रानाचा आहे. मावळात बिबट्या आहे, आणि बांधलेला कुत्रा ही त्याची सोपी शिकार. संध्याकाळनंतर कुत्रा घरात किंवा जाळीच्या बंद व्हरांड्यात हवा. उघड्या अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याला बोलावतो. उष्टं-खरकटं कंपाउंडबाहेर टाकण्यानेही आधी कुत्री आणि मग त्यांच्या मागे बिबट्या येतो.

धरणाच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ असते. त्या दिवशी फिरणं पहाटेच उरका. माकडं दिसली, की पट्टा आखूड धरा. टोळीत शिरलेल्या कुत्र्याला माकडं फाडतात. गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख हळूहळू, अंतर ठेवून, रोज एकाच वेळी जाऊन करून द्या. पंधरा दिवसांत तीही भुंकायचं थांबवतात.

मग येतात पाहुणे, आणि पाहुण्यांबरोबर चिक्की आणि फज. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. त्यामुळे चॉकलेट फजचा डबा त्याच्या टप्प्यात नको. चिक्की दाताला आणि घशाला चिकटते. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडांना अपाय करतात, म्हणजे मनुका घातलेला शिराही नको. कांदा-लसणाचा रस्सा ओतलेला भात तर आपण प्रेमानेच घालतो. तोही बंद. साधा भात, मीठ-मसाल्याविना उकडलेली कोंबडी किंवा अंडं, थोडा भोपळा किंवा गाजर, एवढं चालतं. बाकी प्रमाण डॉक्टर वजनावरून सांगतील. पाहुण्यांना दारातच सांगून टाका, की त्याला ताटातलं काही घालायचं नाही. ते रागावले तरी बेहत्तर.

लशी आणि कागदपत्रं

पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने संयुक्त लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची. पुढे दोन्ही लशी डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने, रेबीजची आपल्याकडे बहुधा दर वर्षी. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. जंताचं औषध वेळच्या वेळी. मुंबई आणि पुण्यात पाळीव कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून काढावा लागतो. कुत्रा दोन्हीकडे ये-जा करणार असेल, तर तो काढा, आणि लोणावळा नगरपरिषदेत इथल्या नोंदणीबद्दल विचारून घ्या.

कुत्रा किंवा मांजर, घरचं असो वा बाहेरचं, चावलं किंवा ओरखडलं, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. लस वेळेत घेतली, तर जवळपास सगळे वाचतात.

नाहीच जमलं तर

कधी कधी सगळं करूनही जमत नाही. घरात कुणाचा दमा बळावतो, बदली होते, कुत्र्याचं आणि धाकट्या मुलाचं सूत जुळतच नाही. मग आणला त्या संस्थेला फोन करा. त्यांच्या हमीपत्रात बहुधा तशी तरतूद असते, आणि दुसरं घर शोधेपर्यंत तुम्ही त्याला सांभाळलं, तर त्यांनाही बळ मिळतं. घाटात, धरणावर, ‘तिथे पर्यटक खायला घालतात’ म्हणून त्याला सोडून येणं हा मात्र प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपयेच आहे. म्हणजे कायद्याच्या धाकावर इथे फारसं अवलंबून राहता येत नाही. उरते ती आपली जबाबदारी, आणि ती कुत्रा आणण्याच्या आधीच्या निर्णयात असते.

म्हणून शेवटी एकच सुचवतो. कुत्रा आणायचा विचार पक्का होत आला, की पंधरा दिवस तालीम करा. रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला, पाऊस असो नसो, घरातल्या ठरलेल्या माणसाने अर्धा तास बाहेर चालून यायचं. रखवालदार सांभाळणार असेल, तर त्यानेही, त्याच्या पगारात त्या कामाचे पैसे धरून. पंधरा दिवसांत किती खाडे झाले ते कॅलेंडरवर लिहा. एखाद-दुसरा झाला, तर निवाऱ्याला फोन करून भेटीची वेळ ठरवा. निम्मे दिवस बुडाले, तर तूर्तास महिन्याची मदत पाठवणं हेच तुमच्याकडून त्या जनावराचं खरं भलं.